भट्टीवरचं डोहाळजेवण

आमच्या महिला मंडळाला दर वर्षी एक कर्तृत्ववान बाई लागायची. पनवेलसारख्या गावात कर्तृत्ववान बायकांना तोटा नव्हता, पण आमच्या अध्यक्षीणबाईंच्या मनास येईल अशी सापडणं म्हणजे महाकर्मकठीण. ती बाई घरंदाज हवी, तिचं नाव पेपरात आलेलं हवं पण फार आलेलं नको, आणि मुख्य म्हणजे तिचं अध्यक्षीणबाईंशी भांडण झालेलं नको. एवढ्या चाळण्यांतून गाळून गाळून आम्ही आधी पेटी शिकवणाऱ्या बाईंना पुरस्कार दिला, मग लोणच्यावाल्या बाईंना, आणि एका वर्षी कोणीच उरलं नाही तेव्हा खुद्द अध्यक्षीणबाईंना. त्या दिवशी त्यांनी 'नको नको' म्हणत शाल घेतली आणि ती त्यांच्या साडीला इतकी जुळली की आधीच साडी नेऊन रंग बघून आणली होती, अशी कुजबुज झाली. कुजबुज मीच केली होती. मी मंडळाची चिटणीस, तेव्हा पहिला मान माझाच.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. खारघर म्हणजे तेव्हा नुसता डोंगर आणि शेतं. पण अलीकडे-पलीकडे इमारती उठायला लागल्या होत्या. इमारतींना विटा लागत होत्या आणि विटांना माणसं. ती माणसं कुठून येतात, कशी राहतात, हा प्रश्न आम्हाला पडायचं काही कारणच नव्हतं. विटा ट्रकमधून यायच्या, एवढं आम्हाला ठाऊक.

त्या वर्षी आमच्यातली सगळ्यात धाकटी सभासद बैठकीत उठून म्हणाली, "या वेळी मोपेडवाल्या बाईंना देऊ या ना."

मोपेडवाल्या बाईंना सगळं पनवेल ओळखायचं, कारण त्यांची मोपेड त्यांच्या आधी दोन गल्ल्या ऐकू यायची. बाई शाळेत शिकवत. सुट्टीच्या दिवशी मागे एका कातकरी बाईला बसवून वीटभट्ट्या पालथ्या घालत. भट्टीवाले दिवाळीच्या आधी कातकऱ्यांना उचल देतात, ती फिटता फिटत नाही, आणि फिटत नाही तोवर त्या माणसानं भट्टी सोडायची नाही, आजारी पडायचं नाही, बाजाराला जायचं तरी मुकादमाला विचारून. याला कायद्यात वेठबिगारी म्हणतात. या दोघी तक्रारी करकरून अशी माणसं सोडवून आणायच्या.

"वेठबिगारी?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "अहो, ते मोगलांच्या वेळी! आपल्या पनवेलला? इथे नगरपालिका आहे!"

घरी येऊन मी हे सांगितलं, तर आमचे 'हे' पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मंडळात वेठबिगारी आहेच की. चिवडा कोण करतं दर वर्षी?" चिवडा मीच करायचे. मी पोह्यांची चाळण अशी आपटली की शेजारीण विचारायला आली.

तरी ठराव झाला, कारण दुसरं नाव सुचेना. मी आणि अध्यक्षीणबाई निरोप घेऊन बाईंच्या खोलीवर गेलो. बाई जमिनीवर बसून मोपेडचा कसलासा भाग रॉकेलनं पुसत होत्या. भिंतीला टेकून ती कातकरी बाई बसली होती. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीवरची, उंच, हाडापेरानं मजबूत. तिला सगळे थोरली म्हणायचे, कारण तिला एक धाकटी बहीण होती. त्या धाकटीचीच ही गोष्ट आहे.

अध्यक्षीणबाईंनी गोड आवाजात पुरस्काराचं सांगितलं. बाई मान वर न करता म्हणाल्या, "नको. वेळ नाही."

अध्यक्षीणबाईंना आजवर कोणी 'नको' म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हणायचे सगळेच, पण हात पुढे करून. त्या उठायच्याच बेतात होत्या, तेवढ्यात थोरलीनं विचारलं, "सत्कार म्हंजे काय करतात गो बाय?"

मी सांगितलं. खुर्च्या मांडतात, शाल-नारळ देतात, फोटो काढतात, दोन शब्द बोलतात, शेवटी चिवडा. आणि प्रमुख पाहुणे म्हणून एखादे मोठे साहेब येतात.

"सायेब येतो?"

"येतो म्हणजे? आधी येऊन बसतो!"

थोरलीनं बाईंकडे बघितलं. बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

मग सगळं कळलं. धाकटी ओवे गावाच्या वाटेवरच्या एका भट्टीवर नवऱ्यासकट अडकली होती, आणि तिला नववा लागला होता. मालक म्हणत होता, हंगाम संपल्याशिवाय वाडीवर जायचं नाही, बाळंतपण इथंच काय ते करा. सोडवायचं तर एका साहेबांनी जागेवर जाऊन तिला विचारायचं, 'तुला इथं मर्जीविरुद्ध ठेवलंय का?' आणि सुटकेच्या दाखल्यावर सही करायची. एवढंच काम. पण या दोघी कचेरीत गेल्या की साहेब दौऱ्यावर. कुठली कचेरी ते मी सांगत नाही. साहेबांची नातवंडं आता लग्नाला आली असतील.

"अहो, पण होईल की बाळंतपण," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "बायका कुठेही बाळंत होतात."

"गेल्या साली झाली," थोरली म्हणाली. "तितंच, भट्टीवर. पोर दोन दिस ऱ्हायला नि गेला. तिसऱ्या दिशी ती परत चिखलात."

अध्यक्षीणबाईंचा चेहरा मी त्या आधी आणि नंतर पुष्कळदा पाहिला, पण तसा कधी पाहिला नाही. त्यांनी पदर सारखा केला, उगाच घसा खाकरला आणि म्हणाल्या, "साहेब येतील. आमचा सत्कार भट्टीवर होईल."

बोलून तर बसल्या! आता भट्टीत शिरायचं कसं? मोपेडचा आवाज आला की मुकादम कुत्रं सोडायचा. 'तुमच्याविरुद्ध लढणाऱ्या बायकांचा सत्कार करायला आम्ही तुमच्याच दारात येतोय' असं मालकाला कळवणं म्हणजे आ बैल मुझे मार. मंडळाच्या बैठकीत नुसता कलकलाट. शेवटी आमच्यातली एक, जी डोहाळजेवणाची गाणी फार छान म्हणायची आणि त्यापलीकडे बैठकीत कधी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, "ती गरोदर आहे ना? मग आपण डोहाळजेवण करायला जाऊ."

खरंच की! आपल्याकडे माणूस पोलिसांना अडवेल, कोर्टाच्या बेलिफाला अडवेल, पण ओटी भरायला आलेल्या बायकांना दारात अडवायची कुणाची छाती आहे?

"पण नववा लागलाय," एक म्हातारी सभासद म्हणाली. "डोहाळजेवण सातव्यात. नवव्यात शास्त्रात बसत नाही."

"आणि वेठबिगारी बसते का शास्त्रात?" अध्यक्षीणबाई कडाडल्या. त्या दिवशी मी त्यांच्याबद्दलची निम्मी कुजबुज परत घेतली.

साहेबांकडे मी आणि त्या गेलो. आश्चर्य म्हणजे साहेब दौऱ्यावर नव्हते. प्रमुख पाहुणे म्हटल्यावर त्यांनी लगेच खुर्च्या मागवल्या. कार्यक्रम कशाचा, कुठे, काही नाही, एकच विचारलं, "फोटोग्राफर आहे ना?" आम्ही म्हटलं, आहे, आणि तिथं एका दाखल्यावर सहीही करायची आहे. "मग येतो. दाखल्याचे कागद-बिगद म्हणताय ते घेऊनच येतो. सामाजिक कार्य आहे."

ठरल्या दिवशी दुपारी टेम्पो भरून आम्ही निघालो. हिरव्या साड्या, फुलांचे दागिने, फुलांचा धनुष्यबाण, दोन झाकलेल्या वाट्या – एकीत पेढा, एकीत बर्फी – आणि माझा चिवडा. थोरली आमच्यात मधे बसली होती, तिलाही कुणीतरी गजरा माळला होता. मोपेडवाल्या बाईंनी मोपेड घरी ठेवली होती, म्हणून त्या एकदम अनोळखी वाटत होत्या. मागून साहेबांची जीप. खड्ड्यांनी टेम्पो असा हादरत होता की धनुष्यबाणातला बाण कुठे पडला ते कळलंच नाही.

भट्टीच्या तोंडाशी मुकादम आडवा आला. मागे कुत्रं.

"काय पायजे?"

"बाजूला व्हा," अध्यक्षीणबाई टेम्पोतून उतरत म्हणाल्या. "डोहाळजेवण आहे."

"कोनाचा?"

"बाईचं! तुमचं करू का?"

मुकादम बाजूला झाला. काय करणार? कुत्र्याला गाणीवालीनं एक लाडू टाकला, तेही बाजूला झालं.

मग धाकटी आली.

आम्ही गाणं सुरू केलं होतं, ते मधेच थांबलं. कोपरापर्यंत चिखल, हात काडीसारखे, आणि त्या काडीवर पुढे आलेलं पोट. विशीची असेल नसेल. आम्हा सगळ्यांना बघून ती घाबरली, आणि मग तिला आमच्यात बहीण दिसली. थोरलीनं तिच्या हाताचा चिखल आपल्या पदरानं पुसायला घेतला. मला रडू आलं, अगदी हुंदका देऊन आलं, आणि राग आला तो आमच्या टाइल्स बसवलेल्या नव्या घराचाही आला. त्याच्या विटा कुठल्या, देव जाणे.

"गा ना!" मोपेडवाल्या बाई दातओठ खाऊन म्हणाल्या. "थांबलात तर मुकादमाला संशय येईल."

आम्ही गायला लागलो. मुकादमाच्या बाजेवर चादर घालून धाकटीला बसवलं, फुलं घातली, ओटी भरली. बाण नव्हता म्हणून नुसतं धनुष्य हातात दिलं. दोन वाट्या पुढे केल्या, तिनं एक उघडली, पेढा निघाला. "मुलगा!" म्हणून आम्ही ओरडलो. तिनं तो पेढा अर्धा करून बहिणीला दिला. विटा थापणारी बाकीची माणसं काम सोडून लांब उभी राहून बघत होती. साहेब खुर्चीवर बसून घाम पुसत होते आणि फोटोग्राफरकडे बघून पोट आत घेत होते.

तेवढ्यात बुलेट धडधडत आली. मुकादमानं पोऱ्या धाडून मालकाला बोलावलं होतं. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात साखळी. आता सांगायचं म्हणजे साहेबही पांढऱ्याच सफारीत होते. आणि अध्यक्षीणबाईंना चष्म्याशिवाय हाताभरापलीकडचं दिसत नव्हतं, आणि फोटो असला की त्या चष्मा पर्समध्ये ठेवत. हे मला पक्कं ठाऊक होतं, पण त्या वेळी माझी घोषणा सुरू झाली होती.

"वेठबिगारीसारख्या अन्यायाविरुद्ध जे ठामपणे उभे आहेत," मी खणखणीत आवाजात म्हणत होते, "ते आपले आजचे प्रमुख पाहुणे! मी अध्यक्षांना विनंती करते, की त्यांनी शाल आणि श्रीफळ देऊन त्यांचं स्वागत करावं!"

अध्यक्षीणबाई हसतमुखानं पुढे झाल्या, साहेबांच्या समोरून सरळ गेल्या, आणि बुलेटवरून उतरणाऱ्या मालकाच्या खांद्यावर शाल घातली.

मी 'अहो!' म्हणायला तोंड उघडलं, तोच दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. "गप्प बसा," मोपेडवाल्या बाई कुजबुजल्या. "टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. मालक भांडायला आला होता, शिवी अगदी ओठावर होती. पण मराठी माणसाच्या खांद्यावर शाल पडली की मान आपोआप झुकते. त्याची झुकली. नारळ हातात आला, हात जुळले. आणि शाल घेतली की दोन शब्द बोलल्याशिवाय सुटका नाही, हा तर आपला कडक नियम. टाळ्या थांबल्या. सगळ्या बायका त्याच्याकडे बघत राहिल्या. तो साहेबांकडे बघतो, फोटोग्राफरकडे बघतो, कोणीच त्याला वाचवेना.

"आता... ताईंनी एवरा मान दिला," तो म्हणाला, "मी काय बोलनार. माझ्याकडं सगली मानसं घरच्यावानी हायेत. आमी कोनाला बांधून ठेवला नाय. ज्याला जायचा त्यानी खुशाल जावा. आमची काय आडकाठी नाय."

"साहेब," मोपेडवाल्या बाई ताडकन उभ्या राहिल्या, "ऐकलंत ना? आपल्यासमोर बोलले."

एरवी साहेब काय म्हणाले असते कोण जाणे. 'चौकशी करू' म्हणाले असते, चिवडा खाऊन गेले असते. पण त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची शाल दुसऱ्याच्या खांद्यावर गेली होती आणि फोटोही त्याचाच निघाला होता. साहेब रागानं लाल झाले होते.

"ऐकलं!" ते गरजले. "स्पष्ट ऐकलं! कागद आणा!"

ते धाकटीसमोर येऊन उभे राहिले. "तुला इथे राहायचंय का?"

धाकटी मुकादमाकडे बघे, मालकाकडे बघे, फुलांच्या धनुष्याशी चाळा करी. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. ती 'हो' म्हणाली असती तर सगळं मुसळ केरात. थोरली काही शिकवायला गेली नाही, नुसती तिच्या शेजारी जाऊन बसली.

"माझा पोर हितं मेला," धाकटी शेवटी म्हणाली. आवाज इतका बारीक की साहेबांना वाकावं लागलं. "ह्याला नाय मरू द्यायचा मला."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. पेन चालेना, तर झटकून झटकून सफारीवर शाई उडवून घेतली, पण सही केली.

आम्ही टाळ्या वाजवणारच होतो, तेवढ्यात त्या लांब उभ्या राहिलेल्या माणसांतून एक बाई पुढे आली. हात चिखलानं भरलेले, कडेवर लहान मूल.

"सायेब," ती म्हणाली, "मी पोटुशी नाय. मी जाव का?"

मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आम्ही एका डोहाळजेवणाला आलो होतो, आमच्याकडे ओटीही एकीचीच होती.

पण साहेबांचा राग अजून उतरला नव्हता, आणि देवाची कृपा म्हणायची ती हीच. "यांनी सगळ्यांदेखत सांगितलंय, ज्याला जायचं त्यानं जावं," ते मालकाकडे बोट दाखवून म्हणाले. "सगळ्यांना एकेक करून बोलवा. मी विचारतो."

ऊन कलेपर्यंत विचारणं चाललं. मालक शाल पांघरून, नारळ हातात धरून उभा. सगळ्यांची टोप-गाडगी, चटया, कोंबड्या टेम्पोत चढल्या, मग माणसं चढली, आणि मग लक्षात आलं की टेम्पोत आम्हाला जागाच नाही. निघता निघता थोरली खाली उतरली, मालकासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वारा हाय. शाल आमची हाय, द्या." त्यानं मुकाट्यानं दिली. नारळ काही तिनं मागितला नाही.

आम्ही रेशमी साड्यांत, डोक्यात फुलं माळून, धूळ खात रस्त्याला लागलो. बरीच वाट चालून आल्यावर मी एकदम थांबले. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला, त्या दोघींचा सत्कार राहूनच गेला होता. घरी पोचले तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. 'हे' दारात उभे होते. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "चिवडा उरला का?"

चैत्रात आम्ही वाडीवर गेलो. धाकटीला मुलगी झाली होती, ठणठणीत. पेढ्याची वाटी सपशेल चुकली होती. पोरगी झोपडीच्या आढ्याला बांधलेल्या झोळीत झोपली होती, आणि झोळी आमच्या शालीची. अध्यक्षीणबाई झोळीजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या, हळूच एक झोका दिला. मोपेडवाल्या बाईंनी आपला पुरस्कार झटकून टाकला होता, तो थोरलीलाच द्या म्हणाल्या होत्या. म्हणून मी पिशवीतून नवी कोरी शाल आणि नारळ काढला.

थोरलीनं शाल बघितली, मग माझ्या मागे वाटेकडे बघितलं.

"सायेब नाय आला?"

"नाही हो. आज नुसता तुमचा सत्कार."

"मंग काय उपेग?" ती म्हणाली. "पल्याडच्या भट्टीवर माझी चुलतबईन हाय. तिलाबी जाव देत नाय."

"पोटुशी आहे का ती?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"नाय."

अध्यक्षीणबाईंनी पर्स उघडली, चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला. "चैत्र चालू आहे," त्या म्हणाल्या. "चैत्रगौरीचं हळदीकुंकू करू. डाळ मी वाटते. चिटणीसबाई, पन्हं तुमच्याकडे."

थोरलीनं माझ्या हातातल्या शालीला नुसता हात लावून बघितला, किती ऊबदार आहे ते. मग ती तशीच माझ्याकडे सरकवली.

"घडी मोडू नका," ती म्हणाली. "ही सायबाला व्हईल."